बडोद्यातल्या वाड्याच्या विटांच्या भिंतीची पुरातत्त्वीय नोंद: पहिल्या सुतापासून शेवटच्या नकलेपर्यंत

वाड्याची दुरुस्ती ठरली की गिलावा आधी उतरतो आणि नोंद करणाऱ्याला निरोप नंतर पोहोचतो. रावपुरा, दांडिया बाजार किंवा मांडवीच्या आसपासच्या पोळांमध्ये (जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये) हे नेहमीचेच आहे. भिंत उघडी, अंगणात सिमेंटच्या गोण्या आलेल्या, आणि मधल्या थोड्या दिवसांत जे टिपून होईल तेवढेच हाती. नवा गिलावा चढला की बुजवलेले दार, खाली-वर झालेला मजला, मागून जोडलेली खोली सगळे पुन्हा झाकले जाते. पुढची पद्धत अशाच घाईच्या कामासाठी आहे. हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक भिंत गृहीत धरू: लांबी ६.४ मीटर, उंची ३.८ मीटर, समोर दोन मीटर रुंदीची बोळ.

मालक पहिल्याच दिवशी विचारतात, "भिंत किती वर्षांची?" हा प्रश्न शेवटपर्यंत बाजूला ठेवा. आधी शोधायचा तो कामांचा क्रम: कोणते बांधकाम कोणत्या बांधकामाच्या आधीचे. क्रम भिंतीवर दिसतो, साल क्वचितच दिसते. जे सालापासून सुरुवात करतात ते पुढे पुरावा त्या सालाला जुळवत बसतात.

परवानगी आणि तयारी

वाडा बहुधा भाऊबंदांत वाटलेला असतो. एका वाटेकऱ्याने हो म्हटले म्हणून काम सुरू करू नका, कारण भिंत सामाईक असेल तर अर्ध्यावर काम थांबते. सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि त्यात फोटो कुठे वापरले जातील तेही लिहा. तांबेकरवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूच्या १०० मीटर परिसरात बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. नुसते मोजमाप आणि फोटो म्हणजे बांधकाम नव्हे. मात्र गिलावा काढणे, भिंतीत बोल्ट मारणे, दुरुस्ती करणे यासाठी आधी संबंधित कार्यालयात विचारा.

भिंतीला नाव द्या आणि कोणता चेहरा नोंदवत आहात ते ठरवा. "उत्तर भिंत" म्हटले की खोलीच्या उत्तरेची की उत्तरेकडे तोंड असलेली, असा घोळ महिन्याभराने होतोच. "खोली ३, भिंत ख, दक्षिणाभिमुख चेहरा" असे लिहिले की वाद नाही.

साहित्य फार लागत नाही: पाच मीटरची स्टीलची टेप, ३० सेंटिमीटरची स्टील पट्टी, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, नायलॉन सूत, मऊ ब्रश, दहापट भिंग, मिलिमीटर ग्राफ, पॉलिएस्टर ट्रेसिंग फिल्म, ४एच आणि ६एच पेन्सिली, कॅमेरा, स्टँड, टॉर्च. कापडी किंवा फायबरची टेप विटांसाठी वापरू नका. ती ताणली जाते. तोंडाला मास्क हवाच, कारण पारव्यांची विष्ठा आणि चुन्याची धूळ दोन्ही छातीला वाईट.

साफसफाई: जितकी कमी तितकी बरी

धूळ वरून खाली मऊ ब्रशने काढा. तारेचा ब्रश आणि पाण्याचा फवारा दोन्ही वर्ज्य. तारेने विटेची भाजलेली कातडी जाते आणि साच्याच्या खुणा पुसतात. पाण्याने भिंतीतले क्षार हलतात आणि वाळताना पृष्ठभागावर लोणा फुटतो. पिंपळाचे रोप ओढून काढले तर मुळाबरोबर दोन-चार विटा येतात. ते कापा, मूळ तिथेच राहू द्या आणि जागा नोंदवा.

गिलाव्याचे तुकडे शिल्लक असतील तर ते खरवडू नका. तांबेकरवाड्यातली भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत, पण चुन्याच्या हातांखाली रंग सापडण्यासाठी वाडा प्रसिद्ध असावा लागत नाही. रंगाची शंका आली की तो भाग भित्तिचित्र-संवर्धकासाठी राखून ठेवा आणि नोंदीत तसे लिहा.

आधाररेषा

सगळी उंची एका आडव्या रेषेपासून मोजायची. जमिनीपासून मोजू नका, कारण जुन्या फरशीला सहज दोन-तीन सेंटिमीटरचा उतार असतो आणि नवी फरशी बसली की तो संदर्भच नाहीसा होतो. रेषेची उंची एखाद्या न हलणाऱ्या जागेशी बांधा: जोत्याचा कोपऱ्यातला दगड किंवा दगडी उंबरठ्याचा मधला बिंदू. त्या जागेचा जवळून आणि लांबून फोटो घ्या.

लेसर लेव्हल असेल तर उत्तम. नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी तितकीच भरवशाची आहे, फक्त तीन गोष्टी पाळा. नळीत एकही बुडबुडा नको, दोन्ही तोंडे उघडी हवीत, आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत नको. गरम पाणी हलके होते आणि पातळी फसवते. एक टोक डावीकडे, दुसरे उजवीकडे धरून खूण करा, मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा तपासा. फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर बुडबुडा शोधा.

खिळा मारायचाच असेल तर दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात मारा, विटेत कधीच नाही. सूत ताणूनही लांब अंतरावर मध्ये झोळ पडतो, म्हणून दर दोन-तीन मीटरला दरजेत आधार द्या. आता रेषेवर दर मीटरला खडूने बारीक खूण करा आणि प्रत्येक खुणेतून ओळंबा सोडून उभी रेषा घ्या. एक मीटरची चौकट तयार झाली.

फोटो

मोबाइलच्या रुंद लेन्सने संपूर्ण भिंत एका फोटोत येते. आठवणीसाठी तो घ्या, मोजमापासाठी नाही. कडेच्या विटा त्यात वाकतात.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली आणि दोन मीटरवरून फोटो घेतला तर एका चौकटीत साधारण १.४४ मीटर रुंदी आणि ०.९६ मीटर उंची मावते. फोटोंपासून संगणकावर त्रिमितीय प्रतिमा करायची असेल तर शेजारच्या फोटोंत ७५ टक्के आणि वरखालच्या ओळींत ६० टक्के भाग सामाईक हवा. म्हणजे कॅमेरा दर वेळी ३६ सेंटिमीटर बाजूला सरकतो. आपल्या भिंतीला एका ओळीत १५ फोटो आणि अशा नऊ ओळी, एकूण १३५. आकडा मोठा वाटतो, पण स्टँड आणि लांब काठी असेल तर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. फोकस, झूम आणि प्रकाशाची सेटिंग्ज सुरुवातीला ठरवून कुलूपबंद करा. मध्येच झूम हलला तर प्रतिमेला पोक येतो. शिडीवर चढून कॅमेरा खाली झुकवून घेतलेले फोटो सरळ फोटोंची जागा घेत नाहीत. ते जास्तीचे म्हणून ठेवा.

भिंतीवर किमान सहा संदर्भबिंदू चिकटवा, चारही कोपऱ्यांत आणि दोन मध्ये, आणि प्रत्येकाचे अंतर आधाररेषेवरून मोजून लिहा. ते नसतील तर सुंदर प्रतिमा मिळेल पण तिच्यावर पट्टी लावता येणार नाही. कागदी खुणा लोणा लागलेल्या विटेवर टिकत नाहीत, त्या जवळच्या घट्ट दरजेत टाचणीने बसवा.

प्रकाशाचे दोन संच घ्या. पहिला ढगाळ किंवा सावलीतला, रंगांसाठी. दुसरा तिरप्या उजेडातला, खोलीसाठी: बुजवलेल्या दाराची कड, थापीचे फटके, साच्याच्या रेघा तिरप्या उजेडातच उठून दिसतात. बडोद्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य सुमारे ४४ अंशांवर असतो आणि दक्षिणाभिमुख भिंत सपाट उजळते. एप्रिलच्या मध्यावर तो ७७ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तीच भिंत माथ्यावरून तिरपी उजळते आणि प्रत्येक थर वेगळा दिसतो. आतल्या भिंतीला टॉर्च भिंतीला लागून धरा, आधी डावीकडून, मग वरून.

हाताने रेखाटन

"फोटोंची प्रतिमा आहे, मग पेन्सिल कशाला?" रेखाटताना प्रत्येक विटेपाशी थांबून ही कशाचा भाग आहे हे ठरवावे लागते. संगणक ते ठरवत नाही. वेळ अगदीच कमी असेल तर प्रतिमेची छापील प्रत काढून तिच्यावर फिल्म ठेवा आणि भिंतीसमोर उभे राहूनच रेखाटा. घरी नेऊन रेखाटलेली भिंत नेहमी जरा जास्तच नीटनेटकी येते.

प्रमाण १:२० ठेवा. आपली भिंत कागदावर ३२ बाय १९ सेंटिमीटर होते आणि ए-३ कागदावर समासासह बसते. पण जुनी पातळ वीट चार सेंटिमीटर जाड असेल तर ती कागदावर दोन मिलिमीटर, आणि एक सेंटिमीटरची दरज अर्धा मिलिमीटर. एवढ्यात दरजेच्या दोन रेघा काढता येत नाहीत, एकच काढा. जिथे बांधकाम बदलते अशा दोन-तीन जागी एक मीटरच्या चौकटी १:१० मध्ये विटेगणिक रेखाटा. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाढतो, म्हणून मूळ रेखाटन फिल्मवरच. कोपऱ्यात भिंतीचे नाव, चेहरा, प्रमाण, आधाररेषेची उंची, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव.

विटांचे माप

प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या बांधकामातून २० विटा मोजा. लांबी आणि रुंदी एकाच विटेवर क्वचित दिसते: जिचे लांब अंग दिसते तिची लांबी आणि जाडी, जिचे आखूड तोंड दिसते तिची रुंदी आणि जाडी. तुटक्या सोडून द्या, पण वेड्यावाकड्या सोडू नका. सगळ्या सारख्या विटा निवडल्या तर मिळते ती तुमची आवड, भिंतीचे माप नव्हे. किमान, कमाल आणि सरासरी तिन्ही लिहा.

विटेपेक्षा उपयोगी आकडा म्हणजे दहा थरांची उंची, दरजांसकट. तीन वेगवेगळ्या जागी मोजा. खालच्या भागात दहा थर ५५ सेंटिमीटर आणि वरच्या भागात ८५ आले तर हात बदलला किंवा वीट बदलली. ब्रिटिश काळात रूढ झालेली नऊ इंची वीट सुमारे २२९ बाय ११४ बाय ७६ मिलिमीटर, आणि आजची प्रमाणित वीट १९० बाय ९० बाय ९०. पातळ वीट दिसली म्हणून भिंत मराठा काळातली ठरत नाही. पाडलेल्या वाड्याची वीट पुढच्या वाड्यात जातेच. पुन्हा वापरलेली वीट ओळखायची खूण: दरजेपलीकडे, आत गेलेल्या अंगावर जुना चुना किंवा रंग चिकटलेला असतो, आणि एकाच थरात तीन मापांच्या विटा असतात.

रंग "लाल" असा लिहू नका. मातीच्या रंगांचे मुन्सेल पुस्तक मिळाले तर त्यातला क्रमांक, नाहीतर रंगपट्टीसकट फोटो. कमी भाजलेली, जळकी, काळ्या गाभ्याची, भुशाच्या खुणा असलेली, हे वेगळे नोंदवा.

सांधे वाचणे

खरे काम इथे आहे आणि घाईत तेच कापले जाते.

भिंतीवरच्या प्रत्येक वेगळ्या कृतीला स्वतंत्र क्रमांक द्या: मूळ बांधकाम १०१, त्यात पाडलेले खिंडार १०२, त्यात भरलेले दार १०३, त्यावरचा गिलावा १०४. खिंडार ही वस्तू नाही, तरी तिला क्रमांक हवाच. पाडणे आणि भरणे यांत कितीही काळ गेलेला असू शकतो. मग प्रत्येक जोडीचा संबंध लिहा: गुंफलेले, नुसते टेकलेले, कापलेले, भरलेले, झाकलेले. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये उत्खननासाठी मांडलेल्या आराखड्यात हेच क्रमांक वर नवे, खाली जुने असे जोडता येतात. भिंतींसाठीही तो तितकाच चालतो.

दोन भिंती मिळतात तिथे सलग उभी सांध आहे का ते पाहा. असेल तर एक भिंत दुसरीला टेकलेली आहे आणि टेकलेली नंतरची. पण "नंतरची" म्हणजे वीस वर्षांनंतरची की वीस दिवसांनंतरची, हे सांध सांगत नाही. एकाच वर्षी दोन गवंड्यांनी दोन बाजूंनी बांधत आणलेल्या भिंतीतही अशी सांध राहते. त्यामुळे विटेचे माप, चुना आणि थरांची पातळीही दोन्हीकडे बदलते का ते तपासा. तिन्ही सारखे असतील तर काळाचा फरक लिहू नका.

विटा एकमेकींत गेल्या असतील तर दहा थरांत किती विटा सांध ओलांडतात ते मोजा. गवंडी पुढच्या कामासाठी दात सोडून ठेवतो, त्या दातांच्या कडा साच्यातल्या, अखंड असतात. नंतर जुन्या भिंतीत खाचा फोडून नवी भिंत गुंफली असेल तर खाचांच्या कडा तुटक्या, आत विटेचा गाभा उघडा आणि फट चुन्याने किंवा सिमेंटने भरलेली. पहिल्या प्रकारात दोन्ही भिंती एका आखणीतल्या, दुसऱ्यात नाहीत. लांबून दोन्ही अगदी सारख्या दिसतात, म्हणून इथे भिंग आणि टॉर्च दोन्ही वापरा.

दार किंवा खिडकीच्या कडेलाही हीच कसोटी. बाजूला अर्धी किंवा पाऊण वीट नेमाने एकाआड एक थरात येते आणि कड सरळ आहे, तर उघडी जागा मूळ आखणीतली. कडेला फुटक्या विटा आणि चुन्याची डागडुजी, तर ती मागाहून फोडलेली. बुजवलेल्या दाराच्या डोक्यावर लाकडी पट्टी किंवा कमान शिल्लक असते, ती तुळई समजून सोडू नका.

भोके दोन प्रकारची. पहाडाची (बांधकामाच्या परांचीची) भोके लहान, एका ओळीत, साधारण सारख्या अंतरावर, आणि ओळी एकावर एक, गवंड्याचा हात पोहोचेल तेवढ्या उंचीने. तुळईची घरे मोठी, खाली दगड किंवा लाकडाची बैठक, आणि समोरच्या भिंतीत त्यांची जोडी. जोडी सापडली की जुन्या माडीची पातळी मिळते. दोन्ही प्रकारांची उंची आधाररेषेवरून लिहा. भिंतीत घातलेल्या लाकडी पट्ट्यांचीही जाडी, जोड आणि वाळवी नोंदवा. त्या शोभेच्या नाहीत, भिंत बांधून धरण्यासाठी आहेत.

चुना, सुरखी, सिमेंट

दरजेचा नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका, तिथे बहुधा नंतरची दरजभरणी असते. तीन ते पाच सेंटिमीटर आतून, प्रत्येक क्रमांकाचा ३० ते ५० ग्रॅम, छिन्नीने हळू काढा आणि जागा रेखाटनावर दाखवा. भिंगाखाली पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर चुना, गुलाबी छटा आणि विटेचे कण दिसले तर सुरखी, म्हणजे विटेची पूड मिसळलेला चुना. चुना नखाने किंवा खिळ्याने खरवडतो, सिमेंट राखाडी आणि कडक.

आम्लाच्या थेंबाने फेस आला म्हणून चुना, ही समजूत सोडा. जुन्या सिमेंटलाही फेस येतो, शंखशिंपल्यांच्या वाळूलाही येतो. आम्लाचा खरा उपयोग प्रयोगशाळेत, चुना विरघळवून उरलेली वाळू चाळून-तोलून पाहण्यासाठी. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ चा. त्याआधीही सिमेंट बाहेरून येत होते, पण पोळीतल्या साध्या वाड्यात सिमेंटची दरज दिसली तर ती विसाव्या शतकातली धरायला हरकत नाही. फक्त दरज की अख्खी भिंत, ते आतला नमुना पाहूनच ठरवा.

तडे आणि पाण्याची रेघ

दर ५० सेंटिमीटर उंचीवर ओळंब्यापासून भिंतीचे अंतर घ्या, भिंत कुठे पोट काढते ते कळेल. तड्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली लिहा. वर रुंद, खाली बारीक असेल तर अर्थ वेगळा, उलट असेल तर वेगळा. काचेची पट्टी चिकटवली तर ती फुटते एवढेच कळते. तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पिना बसवून कॅलिपरने मे महिन्यात आणि सप्टेंबरात अंतर घेतले तर हालचाल मोजता येते. खाली काळी माती असेल तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फरक दिसणारच.

खिडक्यांमधल्या भागात फुलीसारखे तिरपे तडे असतील तर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा विचार मनात येतो. नोंदीत मात्र "फुलीचे तडे, गिलाव्याखालून" एवढेच लिहा आणि भूकंप वेगळ्या रकान्यात, अंदाज म्हणून. विश्वामित्रीच्या पुराची गाळरेघही तशीच. २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही पुरांनी शहरात पाणी चढवले. रेघेची उंची घ्या, साल घरच्यांनी सांगितले तर "सांगीव" म्हणून लिहा. लोणा चढलेल्या भागाची वरची कड ही ओलीची मर्यादा आहे, पुराची नव्हे. ती बहुधा अस्पष्ट असते आणि पुराची रेघ सरळ.

सालाकडे वळताना

आता मालकांचा पहिला प्रश्न हाताळा. क्रमांकांचा आराखडा पुरा झाल्यावरच कागद उघडा: सिटी सर्व्हेचे नकाशे, खरेदीखते, वाटणीपत्रे. संस्थानकाळातले बरेच जुने कागद मोडीत आहेत, वाचणारा आधीच गाठून ठेवा. वाटणीपत्रात "नवी भिंत घालून" असे आले आणि तुमच्या आराखड्यात एक टेकलेली भिंत नेमकी त्या जागी असेल, तर त्या क्रमांकाला साल मिळाले. आराखड्यात त्याच्याशी जोडलेले वरचे सगळे त्यानंतरचे, खालचे त्याआधीचे. एका पक्क्या सालाने असे चार-पाच क्रमांक बांधले जातात. कागद आणि भिंत जुळले नाहीत तर दोन्ही जसेच्या तसे ठेवा. अडचण आली तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात रेखाटन घेऊन जा, नुसते फोटो नव्हे.

नोंदी जपणे

प्रत्येक क्रमांकाला एक पान: वर्णन, माप, संबंध, नमुना, फोटोंचे क्रमांक, आणि खाली वेगळ्या चौकटीत तर्क. दिसलेले आणि वाटलेले एकाच वाक्यात कधीही नको. फोटोंच्या फाइलींना कॅमेऱ्याने दिलेले क्रमांक बदलू नका, त्यांची यादी स्वतंत्र करा. फिल्मवरची रेखाटने ४०० डीपीआयने स्कॅन करून गुंडाळी न करता सपाट ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक शहराबाहेर, आणि एक छापील संच मालकांकडे. नवा गिलावा चढण्याच्या आदल्या दिवशी रेखाटन हातात घेऊन भिंतीसमोर एक फेरी मारा. दोन-तीन सांधे तेव्हाच दुरुस्त करावे लागतात, म्हणून त्या दिवशी गवंड्याला दुपारी दोननंतर बोलवा.